पहिला शब्द मागावरचा घ्या

व्युत्पत्तीचा, म्हणजे शब्दांची मुळे शोधण्याचा, नाद आपल्याला लागला आणि सुरुवात कुठून करावी असे आपण सोलापुराहून विचारलेत, याचा आनंद वाटला. आरंभीच लॅटिन-ग्रीकच्या जाडजूड कोशांत शिरू नका; रोजच्या वापरातला एकच इंग्रजी शब्द घेऊन त्याचा जुन्यात जुना अर्थ शोधा.

सोलापूरकराने तर ‘शटल’पासूनच सुरुवात करावी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बाण किंवा फेकून मारायचे अस्त्र असा होता, म्हणजे तो ‘शूट’च्या कुळातला, पुढे मागावरच्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, फटीतून आडवा धागा घेऊन बाणासारख्या सुटणाऱ्या धोट्याला तेच नाव मिळाले, आणि धोट्याच्या येरझाऱ्यांवरून बॅडमिंटनचे शटलकॉक, दोन ठिकाणांमध्ये फेऱ्या मारणारी गाडी आणि १९८१ मध्ये प्रथम अवकाशात गेलेले अमेरिकेचे स्पेस शटल असे नवे अर्थ फुटत गेले. चादरीच्या मागाजवळ उभे राहून ती खटखट ऐकलेल्याला हे वेगळे समजावावे लागत नाही.

नवशिक्यांच्या चुका मुख्यतः दोन:

१. उच्चारसाम्यावर विसंबणे. इंग्रजी ‘बॅड’ आणि आपल्या ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ यांचा ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो, तरी त्यांचे नाते नाही. (मीही एके काळी ही जोडी छातीठोकपणे वहीत लिहिली होती.)

२. आद्याक्षरांच्या कथा. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांची आद्याक्षरे, हे चूक आहे. ‘न्यू’ म्हणजे नवे, त्याचेच ते अनेकवचनी रूप.

ध्वनिबदलाचे नियम सध्या बाजूला ठेवा. प्रत्येक अर्थापुढे त्याचे शतक मात्र नोंदवा. त्यानंतर ‘टेक्स्ट’ घ्या: ‘टेक्स्टाइल’प्रमाणेच त्याचेही मूळ ‘विणणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात सापडेल.