विश्वासाने पवित्रीकरण होते, मग जुन्या सवयी सुटत का नाहीत?

तुम्ही विचारले आहे की बाप्तिस्मा होऊन चार वर्षे झाली, तरी राग आणि खोटे बोलणे सुटत नाही, तर माझा विश्वास खोटा आहे का? आणि पवित्रीकरण, म्हणजे देवाचे होऊन आचरणातही पवित्र होत जाणे, विश्वासानेच होत असेल, तर मी प्रयत्न करायचा की नाही? पहिल्याचे उत्तर असे की झगडा चालू आहे एवढ्यावरून विश्वास खोटा ठरत नाही. दुसऱ्याचे उत्तर: प्रयत्न करायचाच, पण कुठे उभे राहून करायचा हे आधी कळले पाहिजे.

मराठीत ‘पवित्र’ म्हटले की मनात सोवळे येते. सोवळे शिवाशिवीने मोडते, म्हणून ते जपावे लागते. जुन्या करारातल्या ‘कादोश’ या हिब्रू शब्दाच्या मुळाशी देवासाठी वेगळे काढलेले हा अर्थ आहे. मंदिरातले भांडे त्याच्या धातूमुळे पवित्र नव्हते, ते कोणाचे होते यामुळे पवित्र होते. मोशेच्या नियमशास्त्रात अशुद्धता स्पर्शाने पसरते. मार्कच्या पहिल्या अध्यायात मात्र येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि येशू विटाळत नाही, कुष्ठरोगी शुद्ध होतो. ‘विश्वासाने पवित्र होणे’ म्हणजे त्या हाताखाली येणे. आधी शुद्ध होऊन मग त्याच्याजवळ जायचे, हा क्रम शुभवर्तमानात नाही.

ग्रीसमधल्या करिंथ शहरातली ख्रिस्ती मंडळी पाहा. तिच्यात तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, प्रभुभोजनाला कोणी उपाशी तर कोणी प्यालेला. तरी प्रेषित पौल तिला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्याच वचनात त्यांना ख्रिस्तामध्ये पवित्र केलेले म्हणतो आणि मग एकेक गोष्ट कडकपणे हातात घेतो. आधी ओळख, मग मागणी.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. नीतिमान ठरणे हा देवाचा निवाडा आहे: एकदाच, पूर्ण, आणि सर्व विश्वासणाऱ्यांना सारखा. आचरणातले पवित्रीकरण आयुष्यभर चालते आणि ते कमीजास्त असते. यांची गल्लत झाली की चांगल्या दिवशी देव जवळ वाटतो, वाईट दिवशी तोंड दाखवायची लाज वाटते, आणि नेमकी गरज असते त्याच दिवशी प्रार्थना बंद पडते. माझ्या मते निम्म्याहून अधिक निराशा इथूनच येते.

आता प्रत्यक्ष काय करायचे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाचा क्रम आहे: जाणा, माना, समर्पण करा. ‘माना’साठीचा ग्रीक शब्द हिशेबातला आहे, जमेस धरण्याचा. म्हणजे नसलेले डोळे मिटून कल्पायचे नाही. ख्रिस्ताबरोबर जुना मनुष्य, म्हणजे पापाच्या ताब्यातला आधीचा मी, वधस्तंभावर खिळला गेला, ही झालेली गोष्ट आजच्या हिशेबात धरायची. आणि समर्पण अवयवांचे आहे. ‘प्रभू, माझे जीवन घे’ ही प्रार्थना मोघम राहते. ‘आज साडेदहाला साहेब कामाचा हिशेब विचारतील, तेव्हा ही जीभ तुझी’ असे सकाळी म्हणा.

इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय (२५ ते ३२) याहून बारकाईने सांगतो. चोराने चोरी सोडायची, हातांनी काम करायचे, आणि कशासाठी? गरजवंताला देता यावे म्हणून. सोडणे, धरणे, आणि त्यामागचे कारण, असे हे तीन भाग आहेत. बहुतेक जण पहिलाच भाग करतात आणि रिकाम्या जागेत जुनी सवय परत येते. तुमच्या बाबतीत: खोटे बोललात हे लक्षात आले की त्याच दिवशी, त्याच माणसाला ‘मघाशी सांगितले ते खरे नव्हते’ एवढेच सांगा. सबबी जोडू नका. नुकसान केले असेल तर भरून द्या. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करायचे कबूल केले. त्याने क्षमा विकत घेतली नाही, तारण घरी आलेले असतानाच तो देत होता.

पण मूळ याच्याही खाली असते. दोन आठवडे वहीत टिपा: खोटे कधी बोललो, कोणाशी, त्या क्षणी काय गमवायची भीती होती. बहुधा उत्तर ‘मान’ असे येईल. विश्वासाचे खरे काम इथे आहे. जो मान जाईल म्हणून मी खोटे बोलतो, त्याहून मोठा स्वीकार ख्रिस्तात मला मिळालेला आहे, हे त्या क्षणी खरे धरायचे. त्या भीतीला भिडणारे एकच वचन पाठ करा, दहा नकोत.

हे एकट्याने टिकत नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले: आठवड्यातून एकदा भेटायचे आणि विचारायचे, मागच्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणता मोह आला, त्यातून सुटका कशी झाली. तुम्हाला एकच माणूस पुरे. आपल्याच लिंगाचा, पोटात गोष्ट ठेवणारा. याकोबाने आपल्या पत्रात पापे एकमेकांजवळ कबूल करायला सांगितले आहे म्हणून ती भर सभेत सांगायची गरज नाही. तिथे त्याची चर्चा होते आणि माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

दुसरी चूक नियमांची. दागिने नको, सिनेमा नको, अमक्याच्या घरचे खायला नको. बाहेरून दिसते तेवढेच मोजले जाते आणि सोवळे मागच्या दाराने परत येते. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल ‘हाती घेऊ नको, चाखू नको’ या नियमांबद्दल हेच सांगतो, की त्यांनी देहाची वासना आवरत नाही. आणि राग हातापर्यंत जात असेल तर घरातल्यांची सुरक्षितता आधी पाहा; समुपदेशकाकडे जाणे हा अविश्वास नव्हे.

पंथांनुसार शिकवण थोडी बदलते. लूथर आणि कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांच्या परंपरेत पापाशी झगडा मरेपर्यंत राहतो. वेस्लीच्या मते याच जीवनात देव अंतःकरण पूर्ण प्रीतीने भरू शकतो, आणि तेही विश्वासाने मिळते. बुलढाणा-वाशीमकडे काम करणाऱ्या नाझरीन मंडळीची शिकवण याच धाग्यातली. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत, १५४७ मध्ये, अंतरीचे नवीकरण नीतिमान ठरण्याचाच भाग मानले. मतभेद खरे आहेत, पण उद्या सकाळी जीभ कोणाच्या हाती द्यायची यावर तिघांचे एकच म्हणणे आहे.

सुरुवात खोट्यापासून करा, रागापासून नको. खोटे मोजता येते, त्याच दिवशी दुरुस्त करता येते. राग बहुधा दुसऱ्याच कशाचे तोंड असते आणि त्याला जास्त दिवस लागतात. वर्षभरात किती वेळा पडलात ते मोजू नका. पडल्यापासून कबुलीपर्यंत किती वेळ गेला ते टिपा: आधी आठवडा, मग दोन दिवस, मग तासभर.