तिकीट वजनाचं, पोट फिरतीवर

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ 19 वर्षांचा आहे, वजन 165 किलो, आणि प्रो रेसलिंगच करायचं असं डोक्यात घेऊन बसलाय. मोठ्या कंपनीचा करार नसताना, गावोगावचे खेळ घेत, नुसत्या अंगावर पोट भरतं का?

भरतं. कसं भरतं ते बघायचं तर मार्टिन रुआन या इंग्लंडमधल्या रेसलरचं उदाहरण घ्या. 1946 साली लंडनमध्ये जन्म, आईवडील आयर्लंडच्या मेयो भागातले, वाढला मँचेस्टरकडे. 1967 साली रिंगमध्ये उतरला. तेव्हा अमेरिकेत हेस्टॅक्स कॅल्हून नावाचा 601 पौंडांचा गडी गाजत होता. इंग्लंडमधल्या एका लहान आयोजकानं तेच नाव सरळ याला लावून टाकलं. पुढं त्याचं 'जायंट हेस्टॅक्स' झालं. उंची 6 फूट 11 इंच. भरात असताना वजन 685 पौंड, म्हणजे सुमारे 311 किलो सांगत. पोस्टरवरचं वजन थोडं फुगवलेलं धरलं तरी माणूस दारात उभा राहिला की दार दिसायचं नाही.

1975च्या सुमारास त्याची जोडी लागली शर्ली क्रॅबट्री ऊर्फ 'बिग डॅडी'बरोबर. आधी दोघंही खलनायक. मग डॅडी पोराबाळांचा लाडका झाला आणि हेस्टॅक्स समोरच्या कोपऱ्यात गेला. डॅडीचा भाऊ मॅक्स हाच तिथल्या सर्वांत मोठ्या आयोजक संस्थेत जोड लावणारा. त्यामुळे जिंकणार कोण हे उघड होतं. शनिवारी दुपारी आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर देशभर हे दिसायचं. 1981 साली वेम्बली अरेनात दोघांची मोठी लढत झाली आणि तीन मिनिटांच्या आत संपली.

आपल्याकडे लगेच म्हणतात, नुरा कुस्ती! मला हा शब्द इथं अजिबात मान्य नाही. निकाल ठरलेला असतो, वजन खरं असतं. रिंगमध्ये फळ्या असतात, त्यांवर पातळ फोम आणि वर कॅनव्हास. 80 किलोचा पोरगा त्यावर रोज दहा वेळा पडतो. एवढ्या जड माणसाला ते गुडघ्या-कंबरेला परवडत नाही, आणि धंद्यालाही नाही. तो सहसा पडत नाही, म्हणून ज्या दिवशी पडेल त्या दिवसाचं तिकीट खपतं. म्हणूनच तो एका गावात फार दिवस राहू शकत नाही. चार-सहा खेळांत लोकांची नजर सरावते, तिथले प्रतिस्पर्धी संपतात, एकदा पडला की पुन्हा पडण्यात राम उरत नाही. मग पुढचं गाव. कॅलगरीत हाच हेस्टॅक्स 'लॉक नेस मॉन्स्टर' म्हणून खेळला. आपला किंगकाँग आठवा. एमिल चाया, हंगेरियन रेसलर. टोकियोत 1955 साली जपानी रेसलर रिकिडोझानशी लढला, मुंबईत दारासिंगशी, आणि 1970 साली मोटार अपघातानंतर सिंगापूरमध्ये वारला. माझे वडील वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या दारासिंग-किंगकाँगबद्दल बोलायला लागले की जेवण गार व्हायचं.

आता खरी कारागिरी. जुन्या चित्रफिती काढा आणि तोंडाकडे बघू नका, हातापायांकडे बघा. जड गडी समोरच्यावर झेप घेतो तेव्हा पोट आदळल्यासारखं दिसतं, पण त्याच्या आधी अर्ध्या क्षणाला कोपरं आणि गुडघे टेकतात. भार तिथं जातो. खालचा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळतो तो त्या अर्ध्या क्षणामुळे. हे अंगात मुरायला वर्षं लागतात, आणि तरीही धोका उरतोच. 23 ऑगस्ट 1987ला ग्रेट यारमथमध्ये बिग डॅडीच्या झेपेनंतर समोरचा गडी माल कर्क उठलाच नाही. त्यातच तो मेला. चौकशीत त्याला हृदयाचा गंभीर विकार असल्याचं निघालं आणि डॅडीला दोषमुक्त केलं गेलं. कर्कही तगडा, अनुभवी गडी होता. भावाला हे मुद्दाम सांगा.

1988 साली आयटीव्हीनं कुस्ती बंद केली आणि इंग्लंडमधला धंदा बसला. हेस्टॅक्सला अमेरिकेच्या मोठ्या पडद्यावर संधी मिळाली ती 1996मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. डब्ल्यूसीडब्ल्यू या तिथल्या रेसलिंग कंपनीनं त्याला 'लॉक नेस' म्हणून हल्क होगनसमोर उभं केलं. काही महिन्यांतच कर्करोगाचं निदान झालं, तो घरी परतला, आणि नोव्हेंबर 1998मध्ये 52व्या वर्षी गेला.

योकोझुनाची वाट उलटी. नव्वदच्या दशकात आम्ही पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीचे, पत्ते खेळायचो. वजनाच्या रकान्यात योकोझुना हाती आला की डाव आपलाच. रॉडनी अनोआई त्याचं नाव, सामोअन वंशाचा अमेरिकन. 1993 साली तो त्या कंपनीचा चॅम्पियन होता. मग वजन इतकं वाढलं की कंपनीनं ते उतरवायला सांगितलं, ते उतरलं नाही, न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगानं परवाना दिला नाही, आणि तो इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या कंपनीबाहेरच्या, खेळांकडे वळला. ऑक्टोबर 2000मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना लिव्हरपूलच्या हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला. फुप्फुसात पाणी झालं होतं. वय 34. ती बातमी वाचून मी कपाटातून तो पत्ता काढून बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

म्हणून भावासाठी माझं सांगणं असं. आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या, ईसीजी आणि इको दोन्ही करा, रात्री झोपेत घोरताना श्वास अडकतो का तेही तपासून घ्या. मग शिकायला पाठवा. जालंधरला खलीची अकादमी 2015पासून आहे. कुठंही पाठवलंत तरी पहिल्या दिवशी विचारा की सहा महिन्यांत पडायला किती शिकवाल आणि खालच्याला सांभाळायला किती. नुसतं "वा, काय अंग आहे!" म्हणणाऱ्याकडे ठेवू नका. एका रात्रीचे पैसे, प्रवासखर्च कोणाचा, दुखापत झाली तर दवाखाना कोणाचा, हे खेळाआधी कागदावर घ्या, कारण बहुतेक ठिकाणी गडी कंपनीचा नोकर धरला जात नाही. आणि वजन आणखी वाढवू नका. 165 किलोला प्रेक्षक तसाही वळून बघतो. त्या वजनाला रिंगमध्ये दहा मिनिटं दम टिकला, तर आयोजक पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करेल.