“बोलायला लागलं की देऊ” म्हणणाऱ्या आईशी कसं बोलशील

चि. मुली,

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराच्या सीडर-रिव्हरसाइड भागातल्या सोमाली कुटुंबांमध्ये तू काम करणार आहेस. जाण्याआधी दोन आकडे मनात पक्के कर. मिनेसोटात 2004 साली जन्मलेल्या सोमाली मुलांपैकी 92 टक्क्यांना दोन वर्षांच्या आत एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस, मिळाली होती. 2014 साली जन्मलेल्यांत हे प्रमाण 42 टक्क्यांवर आलं. म्हणजे याच समाजाने पूर्वी ही लस बिनतक्रार घेतली आहे. तेव्हा ‘अज्ञान’ हा शब्द आत्ताच डोक्यातून काढून टाक.

2008 च्या सुमारास तिथल्या आयांच्या लक्षात आलं, की विशेष बालवाड्यांमधल्या ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) वर्गांत आपली मुलं फार दिसतात. असं का, याचं उत्तर त्यांना कुणी धडपणे दिलं नाही, आणि त्या रिकाम्या जागेत लसविरोधक शिरले. एमएमआरचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरचा 12 मुलांवरचा 1998 चा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्याचा वैद्यकीय परवाना गेला. तरी तो मिनियापोलिसला येऊन या पालकांना भेटला. पुढे 2013 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा अभ्यास आला: सोमाली मुलांत 32 पैकी एकाला ऑटिझम, गोऱ्या मुलांत 36 पैकी एकाला. फरक नगण्य. मात्र ऑटिझम असलेल्या सोमाली मुलांत बौद्धिक अक्षमता खूप जास्त आढळली. आयांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं, त्याचं कारण मात्र त्यांना चुकीचं सांगितलं गेलं. हा भेद तुला समजला नाही, तर तुझं पुढचं कुठलंही बोलणं त्यांना पटणार नाही.

सरळ ‘नको’ फार थोड्या जणी म्हणतील. बहुतेक जणी म्हणतील, “बोलायला लागलं की देऊ.” खरी अडचण या थांबण्यात आहे. पहिला डोस 12 ते 15 महिन्यांचा, आणि ऑटिझमची लक्षणं दिसू लागतात तीही साधारण दुसऱ्या वर्षात. दोन्ही गोष्टी एकाच काळात घडतात, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं वाटतं. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांचा मागोवा घेतला, तेव्हा लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त निघाला नाही. पण हा आकडा तोंडावर फेकू नकोस. आधी विचार, “बाळाच्या बोलण्याची काळजी वाटते का?” मग त्या काळजीवर काम कर. 18 आणि 24 महिन्यांची ऑटिझमची प्रश्नावली दुभाष्यासोबत बसून भर. घरातल्या मोठ्या भावंडाला दुभाषी करू नकोस. शंका आली तर त्याच दिवशी पुढे पाठव. तीन वर्षांखालच्या मुलांना शीघ्र उपचार सेवा मोफत मिळते, त्यासाठी निदानाची वाट पाहायची नसते. बोलण्याकडे कुणीतरी खरंच लक्ष देतंय हे दिसल्याशिवाय आई लशीचा विषय ऐकून घेणार नाही. एवढं करूनही ‘नंतर’ असंच उत्तर आलं, तर पुढच्या भेटीची तारीख ठरवूनच तिला निरोप दे.

ही कुटुंबं मुसलमान, म्हणून जिलेटिनचा प्रश्न हमखास येईल. मर्क कंपनीच्या एमएमआरमध्ये डुकरापासूनचं जिलेटिन असतं, हे लपवू नकोस. प्रायोरिक्स या दुसऱ्या एमएमआर लशीत ते नसतं आणि 2022 पासून अमेरिकेत तिला मान्यता आहे. दवाखान्यात ती मागवून ठेव.

तापाबद्दल आधीच सांगून ठेव. लशीनंतर सात ते बारा दिवसांत काही मुलांना ताप येतो, थोडं पुरळही उठतं. आधी सांगितलं नसेल तर आठव्या दिवशीच्या तापाने घरात घबराट उडते आणि ती बातमी शेजारीपाजारी पसरते. पहिल्या डोसाला कांजिण्यांची लस जोडलेली चौहेरी लस देऊ नकोस, तिने तापाच्या झटक्याचा धोका थोडा वाढतो. कांजिण्यांचं इंजेक्शन वेगळं दे.

आपल्याकडचं 9 महिन्यांचं वेळापत्रक तिथे चालत नाही. बाळ सोमालिया किंवा केनियाला जाणार असेल, तर 6 ते 11 महिन्यांत एक जादा डोस द्यायचा. तो मोजायचा नाही, वर्षानंतरचे दोन्ही डोस द्यायचेच. दोन डोसांत किमान 28 दिवसांचं अंतर हवं. एरवी दुसरा डोस 4 ते 6 वर्षांचा.

गोवराची साथ आलीच तर (2017 मध्ये राज्यात 75 रुग्ण झाले, 2024 मध्ये 70) घड्याळ बघून काम करावं लागतं. संपर्कानंतर 72 तासांत लस, ते हुकलं तर सहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). लस न घेतलेल्या, संपर्कात आलेल्या मुलाला 21 दिवस घरी. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत रुग्ण गोवर पसरवतो, आणि तो निघून गेल्यावरही विषाणू खोलीच्या हवेत दोन तास राहतो. म्हणून प्रत्येक घरी सांगून ठेव: ताप आणि पुरळ दिसलं तर आधी फोन करा, थेट प्रतीक्षालयात येऊन बसू नका. मग मागच्या दाराने आत घे आणि दार लावून तपास. गोवर ठरला तर व्हिटॅमिन ए दोन दिवस, रोज एकदा: वर्षावरच्या मुलाला 2 लाख युनिट, 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला 1 लाख, त्याहून लहानाला 50 हजार. हे डोस दवाखान्यातच द्यायचे. घरी बाटली देऊन पाठवू नकोस, जास्त झालं तर यकृताला इजा होते.