मोबाईलवर काढलेल्या फोटोंना फिल्टर इफेक्ट देऊन ते आकर्षक कसे करावेत? कोणते ॲप वापरावे?

ॲपपुरते उत्तर सोपे आहे. स्नॅपसीड घ्या. ते गूगलचे आहे, फुकट आहे, जाहिराती दाखवत नाही आणि त्यात इफेक्ट सगळ्या फोटोवर न फासता हव्या त्या भागापुरता देता येतो. बाकीची बटणे तुम्हाला हाताळता हाताळता कळतील. मात्र कोणत्या फोटोला फिल्टर लावू नये, हे तुम्ही विचारलेले नाही आणि माझ्या मते तेच आधी विचारायला हवे होते. या एका गोष्टीवरून आमच्या घरात मोठा वाद झालेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा सोलापुरात चादरींचा पिढीजात व्यवसाय आहे. ग्राहकांना व्हॉट्सॲपवर मालाचे फोटो पाठवण्याचे काम माझा चुलतभाऊ पाहतो. त्याचे म्हणणे असे की फोटो उठावदार दिसला तरच ग्राहक थांबतो, आणि त्यामुळे प्रत्येक फोटोला तो एकच ठरलेला फिल्टर लावत असे: रंग गडद, छटा उबदार आणि कडा काळपट. लातूरकडच्या एका कुटुंबाने मुलीच्या लग्नातील आहेरासाठी त्याच्याकडून फोटो मागवून डाळिंबी रंगाच्या जेकार्ड (विणीतच नक्षी उठवलेल्या) चादरी पसंत केल्या. गठ्ठा पोहोचला, उघडला गेला आणि लगेच फोन आला. फोटोत त्यांना केशरीकडे झुकणारा झगझगीत लाल रंग दिसला होता आणि हातात आली होती ती आमची नेहमीची खोल डाळिंबी. त्या गृहस्थांनी माल परत पाठवला हे एक वेळ मी समजू शकतो, परंतु ‘रंग उतरलेला माल गळ्यात मारलात’ हे त्यांचे वाक्य आजही माझ्या मनातून जात नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पक्क्या रंगाच्या सुताशिवाय दुसरे सूत मागावर चढू दिले नाही. फिल्टर लावलेल्या एका फोटोमुळे त्यांच्या मालाला रंग उतरलेला म्हणवून घ्यावे लागले.

त्यानंतर मी मूळ फोटो आणि फिल्टर लावलेला फोटो शेजारी शेजारी मोठे करून पाहिले. फोनमधल्या नेहमीच्या जेपीजी फोटोत लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला 0 ते 255 एवढ्याच पायऱ्या असतात. सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा वाढवला की आधीच लाल असलेला भाग वरच्या टोकाला जाऊन आदळतो आणि शेजारच्या दोन धाग्यांमधला फिकट-गडद फरक पुसला जातो. म्हणूनच आमच्या चादरीची वीण त्या फोटोत दिसतच नव्हती. कापडाच्या जागी लाल रंगाचा सपाट पट्टा तेवढा दिसत होता. उबदार छटेने पांढरे सूत पिवळसर केले होते. कडा काळपट करणाऱ्या व्हिनेट इफेक्टने चारही कोपरे झाकले होते आणि चादरीचा काठ नेमका तिथेच असतो. ज्या काठावरून आणि विणीवरून जाणकार माणूस चादर ओळखतो, त्या दोन्ही गोष्टी फिल्टरने खाल्ल्या होत्या. ‘ड्रामा’सारखा इफेक्ट तर सुती कापडाला कधीच देऊ नये, कारण तो बारीक बारीक भागातला उजेड-सावलीचा फरक ताणतो आणि सुतावरची साधी लव धुळीसारखी दिसू लागते. नवी कोरी चादर वापरलेली वाटते.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. जे विकायचे आहे आणि ज्याचा रंग पाहून समोरचा पैसे देणार आहे, त्याच्या फोटोला कोणताही तयार फिल्टर लावू नये. कपडा, साडी, दागिना, भिंतीचा रंग, सगळ्याला हे लागू आहे. अशा फोटोत एवढेच करावे: वस्तू दिवसा खिडकीजवळ किंवा सावलीत ठेवावी, खोलीतला दिवा बंद करावा म्हणजे दोन प्रकारचा उजेड मिसळत नाही, शेजारी एक पांढरा कागद ठेवावा आणि ॲपमधल्या व्हाइट बॅलन्सने तो कागद पांढरा दिसेल इतपत दुरुस्ती करावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी गच्चीवर चादर पसरून फोटो काढू नये. त्या उन्हात पांढरे पार जळते आणि रंग फिका येतो.

आता तुम्हाला हवे असलेल्या कलात्मक इफेक्टविषयी. हे बहुतेक फिल्टर जुन्या फिल्मच्या आणि रसायनांच्या परिणामांची नक्कल करतात. सेपियाचा तपकिरी रंग मुळात फोटोतल्या चांदीचे सल्फाइड केल्याने येत असे आणि त्यामुळे फोटो अधिक टिकत असे. एका प्रकारच्या फिल्मसाठी असलेल्या रसायनात दुसऱ्या प्रकारची फिल्म धुतली की जे विचित्र हिरवे-पिवळे रंग येत, तेही आज एका बटणावर मिळतात. हे ठाऊक असले की कोणता इफेक्ट कुठे शोभेल याचा अंदाज येतो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटबंदीवर पावसाळी ढग दाटलेले असतील, तर कृष्णधवल करून थोडा ‘ड्रामा’ द्या. दगडाचा पोत आणि ढगांचा थर दोन्ही उठून येतात. संध्याकाळच्या सिद्धेश्वर तलावाला मात्र उबदार फिल्टरची गरजच नसते, कारण तो उजेड मुळातच सोनेरी असतो आणि वरून आणखी पिवळेपणा घातला की पाणी गढूळ दिसते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबरोबर, चालणाऱ्या भक्तांच्या अंगात पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) असते. तिथे ब्राइटनेस वाढवू नका, उलट हायलाइट म्हणजे सर्वांत उजळ भाग थोडे उतरवा, म्हणजे कपड्याच्या चुण्या शिल्लक राहतात.

कोणताही फिल्टर पूर्ण जोराने ठेवू नका. त्याचा जोर कमी-जास्त करणारी पट्टी निम्म्याच्या खाली आणा आणि चेहऱ्यावरून तो पुसून टाका. स्नॅपसीडमध्ये केलेले बदल पायरीपायरीने पुन्हा उघडून त्यातला एखादाच मागे घेता येतो, ती सोय शिकून घ्या. मूळ फोटो कधीही पुसू नका.

एवढे कडक बोलल्यावर हेही मान्य केले पाहिजे की सणाची शुभेच्छापत्रे, दुकानाचे स्टेटस किंवा स्वतःच्या हौसेचे फोटो यांना माझे नियम लागू होत नाहीत. फोटोचे चित्र करणारे प्रिझ्मासारखे ॲप तिथे खुशाल वापरा, कारण ते चित्र आहे हे पाहणाऱ्याला कळतेच. तसेच फोटो पाठवताना तो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एरवी तो दाबून लहान होतो आणि बारीक वीण तिथेही बिघडते.

माझ्या चुलतभावाचा शेवटचा मुद्दा असा होता की प्रत्येकाच्या फोनचा पडदा वेगळा रंग दाखवतो, मग आपण खरा रंग जपून काय उपयोग? पडदे वेगळे असतात हे खरे आहे. व्हिव्हिड मोड चालू असेल तर रंग भडक दिसतात आणि रात्रीचा मोड चालू असेल तर पिवळे. परंतु पडद्याची चूक ग्राहकाच्या ओळखीची असते. त्याच्या फोनवर सगळेच फोटो तसे दिसतात आणि त्याच्या डोळ्याला त्याची सवय झालेली असते. आपण घातलेला रंग त्याला ओळखता येत नाही. आमच्याकडे आता प्रत्येक चादरीचा फोटो दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या पंचावर ठेवून काढला जातो, खाली रंगाचे नाव लिहिले जाते आणि मोठी मागणी असेल तर आधी कापडाचा नमुना टपालाने पाठवला जातो.