त्वचेच्या पेशीपासून परत स्टेम सेल बनवता येते का?

हो, येते की. स्टेम सेल म्हणजे जिच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशी मूळ पेशी. त्वचेच्या पेशीतही डीएनए अख्खाच असतो, फक्त न लागणारे जीन्स (जनुकं) बंद करून ठेवलेले असतात, म्हणजे पुस्तक पूर्ण आहे पण बरीच पानं चिकटवलेली. जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींत फक्त ४ जीन्स घातले आणि त्या चक्क मागे फिरून भ्रूणातल्या स्टेम सेलसारख्या झाल्या, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींवरही जमलं, २०१२ ला नोबेल. २०१४ मध्ये तिकडेच एका पेशंटच्या स्वतःच्या त्वचेपासून रेटिनाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) थर बनवून डोळ्यात बसवला. घोळ एवढाच की त्या चार जीन्सपैकी सी-मिक नावाचा जीन कॅन्सरशी जोडलेला आहे, शिवाय एखादी पेशी कच्ची, म्हणजे स्टेम सेलच राहिली तर गाठ होऊ शकते, म्हणून सगळं हळूहळू चाललंय.