तेमारी, ओतेदामा आणि आपले सागरगोटे

प्रश्न असा: १९व्या शतकातल्या जपानी घरांविषयीचा मजकूर मराठीत आणताना मुलींच्या ‘तेमारी’ आणि ‘ओतेदामा’ या दोन्ही खेळांना ‘चेंडू’ म्हटलं तर चालेल का? माझ्या मते तेमारीला चालेल, पण नुसतं ‘चेंडू’ नको. ओतेदामाला मात्र अजिबात नको.

तेमारी म्हणजे हातचेंडू. ‘ते’ हात, ‘मारी’ चेंडू. (पायाने उडवायचा तो केमारी.) आत कापसासारखा मऊ गाभा, त्यावर दोऱ्याचे वेढे, वर रंगीत धाग्यांची नक्षी. असा चेंडू फार उसळत नाही, म्हणून मुली घरात गुडघा टेकून बसायच्या आणि ही, फू, मी, यो असं मोजत तो थापटत राहायच्या. मेइजी काळात (१८६८–१९१२) रबरी चेंडू आले, तेव्हा खेळ उभ्याने आणि अंगणात सुरू झाला. ‘चेंडू खेळत होत्या’ लिहिलं की आपल्याला फेकाफेकी दिसते. जपानी क्रियापद आहे ‘त्सुकु’, ठोसणं, ढकलणं. मी लिहीन, ‘दोऱ्याचा चेंडू थापटत बसल्या होत्या’. त्यातलं ‘बसल्या’ गाळू नका.

ओतेदामातला ‘ते’ हातच. ‘दामा’ हे ‘तामा’चं समासातलं रूप, म्हणजे गोळा, मणी. किमोनोच्या उरलेल्या कापडाच्या चार पट्ट्या जोडून शिवलेली, मुठीत मावणारी पुरचुंडी, आत अझुकी या जपानी कडधान्याचे लाल दाणे. हातात घेतली की दाणे सरकतात आणि ती तळव्यात बसते. एका प्रकारात दोन-तीन पुरचुंड्या लागोपाठ उडवून झेलायच्या. दुसऱ्यात ‘ओयादामा’, म्हणजे पालक-गोळा, वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरच्या पुरचुंड्या वेचायच्या आणि त्यालाही झेलायचं. हे तर थेट सागरगोटेच! शिवाय याचा जुना अवतार ‘इशिनागो’ खड्यांनीच खेळत. ‘इशि’ म्हणजे दगड.

तरी खेळाचं नाव म्हणून मी ‘सागरगोटे’ लिहिणार नाही. तो शब्द आला की गजग्याचं कडक, राखाडी बी दिसतं, फरशीवरची खटखट ऐकू येते. ओतेदामा सरसर वाजतो. पहिल्या उल्लेखात ‘दाण्यांच्या पुरचुंड्यांनी, सागरगोट्यांसारखं’ एवढं सांगावं, पुढे ओतेदामाच ठेवावा. क्रियापदं मात्र आपल्या आज्यांच्या खेळातलीच घ्या: वेचणं आणि झेलणं. ‘उचलणं’, ‘पकडणं’ लिहिलंत तर खेळातला हात हरवेल.