ट्रकचा पुढचा स्वे बार ऑफ-रोडिंगसाठी कायमचा काढून टाकावा का?

कायमचा काढू नका. ट्रक रस्त्यावरही चालवायचा असेल, तर पुढच्या स्वे बारला हाताने सोडता येणाऱ्या डिस्कनेक्ट लिंक बसवणे अधिक योग्य ठरेल. स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, पीळ पडून काम करणारी स्प्रिंग. वळणावर ती गाडीचे कलणे रोखते, पण एक चाक दगडावर चढून दुसरे खड्ड्यात उतरू लागले की तीच त्यांची स्वतंत्र हालचाल अडवते आणि खालचे चाक अधांतरी राहते. जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये म्हणूनच हा बार बटणाने सुटतो आणि वेग वाढताच आपोआप पुन्हा जोडला जातो. बार सोडल्यावर त्याची टोके वर बांधून ठेवावीत, अन्यथा ती टायरला किंवा ब्रेकच्या होजला घासतात. चाक पूर्ण खाली जावे यासाठी शॉक ॲब्सॉर्बर आणि होज पुरेसे लांब हवेत. केवळ उंची वाढवणाऱ्या ताठ स्प्रिंगपेक्षा हा खर्च मला अधिक सार्थ वाटतो. मात्र हे प्रामुख्याने सॉलिड ॲक्सलला, म्हणजे दोन्ही चाके एकाच अखंड आसाने जोडलेल्या रचनेला, लागू आहे. प्रत्येक चाक वेगळे हलणाऱ्या इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये चाकाला धरणारा कंट्रोल आर्म आणि चाकाला शक्ती पोहोचवणारा सीव्ही जॉइंटच चाकाची हालचाल मर्यादित करत असल्याने बार सोडण्याचा लाभ बराच कमी मिळतो.